चर्चची किल्ली आईच्या कमरेला

माझ्या आईविषयी चर्चमध्ये कुणी चांगलं बोलायला उभं राहिलं की मला अजून राग येतो. ती जाऊन कैक वर्षं झाली, तरी असा प्रसंग अधूनमधून येतोच. कुणाचा तरी मुलगा, आता स्वतःच पिकल्या केसांचा, माइक हातात घेतो आणि सांगतो, सगुणाबाई म्हणजे शांत, सोशिक, शब्दाला शब्द न लावणारी माउली, प्रभूची खरी दासी. लोक आमेन म्हणतात. मी मान खाली घालून बसते. वर पाहिलं तर उठून सांगावंसं वाटेल, की बाबांनो, तुम्ही सांगताय ती बाई आमच्या घरात कधीच राहत नव्हती. आमच्या घरात राहणारी बाई ठेचा वाटायला बसली की शेजारच्या क्वार्टरपर्यंत वरवंट्याचा आवाज जायचा आणि शेजारीण ओळखायची, आज सगुणाबाईंचं कुणाशी तरी बिनसलंय. दासी ती होती, हे खरं. पण कुणाची दासी, हे तिला पक्कं माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना तिने एका मे महिन्यात ते दाखवून दिलं. माइकवर ते कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितेय.

गावाचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं एक जंक्शन, एवढं पुरे. ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याची नातवंडं अजून तिथेच आहेत आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आमचं क्वार्टर लाइनीच्या अगदी शेवटी, एक खोली आणि पुढे पत्र्याची ओसरी. बाबा इंजिनशेडमध्ये खलाशी, म्हणजे मजूर होते, बॉयलरवर. शेडचा भोंगा हेच आमचं घड्याळ. सकाळचा भोंगा झाला की आई चुलीपुढे बसायची, काडी ओढायच्या आधी डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, आजचा जाळ तुझा," आणि मग फुंकणीने असा जोर लावायची की राख आमच्या अंथरुणापर्यंत यायची. ज्वारीची पहिली भाकरी ती काढून ठेवायची. दारात जो पहिला येईल त्याची. कधी भिकारी, कधी शंटिंगचा पोरगा, कधी ताडकळसच्या बाजाराला निघालेली एखादी म्हातारी. कुणी आलंच नाही तर दुपारी ती भाकरी अंबाडीच्या भाजीत कुस्करून आम्हीच खायचो, पण तोवर तिला हात लावायची टाप नव्हती. बाबा संध्याकाळी यायचे तेव्हा फक्त डोळे आणि दात पांढरे. न्हाणीतून वाहणारं काळं पाणी, मागे रुळांवर डबे एकमेकांवर आपटल्याचा धडाडा, आणि ओसरीवर बाबांच्या ढोलकीवर भजनाची चाल. माझं बालपण म्हणजे एवढंच होतं, आणि मला ते भरपूर वाटायचं.

चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट दगडी खोली आणि मागे पाळकसाहेबांना मुक्कामाला बांधलेली पडवी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार सॅम्युएल फोरमनच्या हातात. ते शेडमध्ये बाबांचे साहेब आणि चर्चमध्ये मंडळीचे वडील, म्हणजे पाळकाच्या खालोखाल मानाचे. त्यामुळे सहा दिवस बाबांना ते कामावर दम द्यायचे आणि सातव्या दिवशी क्षमेवर बोलायचे. चर्चची किल्ली त्यांच्याकडे. झाडलोट मात्र आईकडे. दर शनिवारी आई फोरमनच्या बंगल्यावर जाऊन किल्ली मागायची, चर्च झाडून पुसून किल्ली परत द्यायची. बंगल्यात फोरमनची आई होती, मरियाआजी. आई नवी नवरी म्हणून जंक्शनवर आली तेव्हा तिला भजनं शिकवली ती या म्हातारीने, माझ्या जन्माच्या वेळी आईजवळ बसली तीही म्हातारीच, आणि मंडळीतली एखादी बाई गेली तर तिला शेवटची आंघोळ कशी घालायची तेही तिनेच शिकवलं. पुढे म्हातारीची कंबर गेली आणि ते काम आईकडे आलं. तिला कुणी नेमलं नव्हतं. बोलावणं आलं की ती हातातलं टाकून जायची, इतकंच.

मग तो मोठा संप आला. देशभर गाड्या थांबल्या. मला त्याचं राजकारण तेव्हा कळत नव्हतं. मला कळलं ते हे, की एका सकाळी भोंगा वाजला नाही. आई चुलीपुढे काडी हातात धरून नुसती बसून राहिली. आदल्या रविवारी फोरमनने उपासनेत सांगितलं होतं, की अधिकारी देवाने नेमलेले असतात, त्यांच्या विरोधात उभा राहणारा देवाच्या विरोधात उभा राहतो. बाबा ढोलकी मांडीवर घेऊन ऐकत होते. घरी येताना आईने विचारलं, "मंग आता?" बाबा म्हणाले, "आता काय? सगळे जिकडं तिकडं आमी. मंडळी काय चर्चातच असती व्हय?" दोन दिवसांनी पोलिसांची जीप आमच्या लाइनीत आली. फोरमन जीपशेजारी उभे राहून बोटाने दारं दाखवत होते. हे, ते, तिकडचं शेवटचं. शेवटचं आमचं. बाबांना बनियनवर नेलं. त्या बोटाचं चित्र मी आजही काढून दाखवू शकते, त्यावर अंगठी होती, लाल खड्याची.

त्याच आठवड्यात क्वार्टर खाली करायला माणसं आली. हवालदार भांडी बाहेर फेकत होते. ज्वारीची कोठी उपडी झाली, दाणे नालीत गेले, आणि माझा धाकटा भाऊ इस्राएल, तेव्हा नुकता चालायला लागलेला, नालीत हात घालून दाणे वेचायला लागला. फोरमन सावलीला उभे होते. आई त्यांच्यापुढे गेली आणि म्हणाली, "साहेब, लेकरं घिऊन उन्हात कुठं जाऊ? चर्चची पडवी रिकामी हाय. पाळकसाहेब येईस्तोवर राहू द्या." फोरमन म्हणाले, "चर्च देवाचं घर हाय, सगुणाबाई. संपवाल्यांचा अड्डा न्हाई." आईने वळून इस्राएलला नालीतून उचललं.

आम्हाला घेतलं वत्सलाकाकूने. तिचा नवराही शेडमध्ये, तोही बाबांबरोबर आत. ही बौद्ध माणसं, रेल्वेच्या हद्दीबाहेर त्यांचं स्वतःचं मातीचं घर होतं, पुढे काट्यांचं कुंपण घातलेलं अंगण. वत्सलाकाकू हाडकुळी, तोंडाची फटकळ. "लय विचार करू नको, आत ये," एवढंच म्हणाली. दोन-तीन दिवसांत त्या अंगणात आणखी तीन घरं आली, त्यात एक मुसलमान ड्रायव्हरचं, तोही जेलात. चादरी बांधून सावली केली होती, पण मे महिन्यातलं परभणीचं ऊन चादरीला काय भीक घालतंय? लेकरांचा घोळणा फुटायचा, नाकातून रक्त यायचं. सगळ्यांचं मिळून एक पातेलं पिठलं व्हायचं. आणि कॉलनीत जे कामावर गेले त्यांच्यावर सगळ्या बायांनी बहिष्कार टाकला होता: त्यांच्या घरी जायचं नाही, बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही. फोरमनची बायको घाबरून मुलांना घेऊन बसने हैदराबादला माहेरी निघून गेली. बंगल्यात उरले फोरमन आणि अंथरुणाला खिळलेली मरियाआजी.

एका दुपारी फोरमन स्वतः कुंपणापाशी आले. डोक्यावर टोपी नाही, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ते आईकडे बघून म्हणाले, "आई गेली माझी. सकाळीच गेली. आंघोळ घालायला बाई न्हाई कुणी."

मला आनंद झाला. लपवत नाही, खरा, पोटातून आनंद झाला. मला वाटलं, बस आता त्या बंगल्यात, तुझ्या अधिकाऱ्यांना बोलव आंघोळ घालायला. मी आईकडे बघितलं. आई पिठाचे हात चोळत बसली होती. मग तिने हात धुतले आणि पदर खोचला.

वत्सलाकाकू ताडकन उठली. "जायलीस? त्याच्या दारात?"

"म्हातारीच्या दारात जायलेय."

"माझा माणूस जेलात टाकला त्यानं. तुझा बी. बायांनी एक ठरवलंय आन् तू मोडायलीस. सगुणा, ऐक, तिथं गेलीस तर ह्या दारात पाय ठिवू नको."

"न्हाई ठिवणार," आई म्हणाली. "पण म्हातारी सकाळपास्नं उकाड्यात पडलीय, वत्सला. तिनं कुणाचं नाव सांगितलं न्हाई." मग मला म्हणाली, "एस्तेर, चल. पाणी वतायला माणूस लागतंय."

मी म्हटलं, मी येणार नाही. आई म्हणाली, "यावंसं वाटत नसंल तर बी ये." असं वाक्य दुसऱ्या कुणाच्या आईने म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी गेले. रस्त्याने तिच्या चार पावलं मागून चालत होते आणि तिच्या पाठीचा मला इतका संताप आला होता की धोंडा उचलून मारावासा वाटत होता.

बंगल्याच्या मागल्या अंगणात चादर आडवी बांधून आईने म्हातारीला फळीवर घेतलं. मी तांब्या भरून ओतायला लागले. आईचे हात मी तसे हळू चालताना कधी पाहिले नव्हते. इस्राएलला न्हाऊ घालताना ती त्याची कातडी सोलायची. इथे मात्र एकेक बोट उकलून ती धूत होती. आणि तोंडाने, अगदी खालच्या आवाजात, चालू होतं ते असं: "वत गं, डोक्यावर वत. माय, तुझ्या लेकाच्या तोंडात माती पडो. मान उचलते हं तुझी, आस्सं. त्याच्या ताटातली भाकर कडू होवो. पाय दे बाई इकडं. माझ्या लेकरानं नालीतले दाणे खाल्ले, त्याचं वाटोळं होवो. किती वाळलीस गं, खायला देत नव्हता का मुडदा?" माझ्या हातातला तांब्या थांबला. मी म्हटलं, "आई, प्रार्थना म्हणायची असती ना?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हीच हाय. त्याला सगळं मालूम हाय, त्याच्यापुढं काय झाकायचं? तू वत."

मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, परभणीत, औरंगाबादेत, पुढे पुण्यातही. शत्रूवर प्रीती करा यावर तासन् तास बोलणारी माणसं ऐकली. कुणी मला हे सांगितलं नाही, की राग मनात तसाच ठेवून हात हळू चालवता येतात. आणि राग गेल्याशिवाय सेवेला हात लावायचा नाही, असं म्हणत बसलं तर म्हातारी फळीवर तशीच पडून राहते.

म्हातारीच्या केसांना तेल लावून, पांढरं पातळ नेसवून, दाराशेजारची कण्हेरीची फुलं उशाला ठेवून आई बाहेर आली. फोरमन व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. ते उठले. त्यांचे डोळे सुजलेले होते, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "सगुणाबाई, तुमचे उपकार झाले. मी साहेबांना सांगतो. तुमच्या याकोबला सोडवून उद्या कामावर घ्यायला लावतो. क्वार्टर बी परत देतो."

बाबा उद्या घरी. आईने विचारलं, "आन् वत्सलाच्या मालकाला?"

"ते माझ्या हातात न्हाई."

"ड्रायव्हरसाहेबाला?"

"एकट्याचं जमंल. सगळ्यांचं कसं जमंल?"

"मंग राहू द्या," आई म्हणाली. "आंघोळ मी माझ्या देवासाठी घातली. तुमी त्याच्यामधी येऊ नका." मी तिच्या पदराला हिसका दिला, तिने माझा हात झटकला. "म्हातारीला चर्चातून न्यायचं ना?"

"हो. चर्चातूनच."

"मंग किल्ली द्या. झाडून घ्यावं लागंल."

त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली.

खांदा द्यायला माणसं नव्हती. मंडळीतले निम्मे पुरुष जेलात, उरलेले भीतीने शेडमध्येच झोपायला. शेवटी ज्या हवालदारांनी आमची कोठी उपडी केली होती त्यांनीच पेटी उचलली. नदीकडच्या दफनभूमीपर्यंत त्यांच्या बुटांचा आवाज आणि मागून आई एकटीच भजन म्हणत, तिचा आवाज उन्हात चिरफाळलेला. मी म्हटलं नाही. माती लोटून झाली तशी फोरमनने आईपुढे हात केला, किल्लीसाठी. आईने किल्ली कमरेला खोचलेली होती. ती म्हणाली, "राहू द्या माझ्यापाशी. शनवारी झाडायचंच हाय," आणि वळून चालायला लागली. आईला मातीत ठेवून उभा असलेला माणूस हवालदारांसमोर एका बाईच्या कमरेची किल्ली हिसकावणार कसा?

तिथून ती सरळ वत्सलाकाकूच्या कुंपणापाशी आली आणि बाहेरच उभी राहिली. "दारात पाय ठिवत न्हाई, वत्सला. तू म्हणलीस तसंच. पण लेकरं बाहीर काढ. चर्च उघडलंय. आत गारवा हाय, जाड भिताडं हायेत." वत्सलाकाकूने पिठल्याचं पातेलं डोक्यावर घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. दिवस मावळायच्या आत सगळ्या घरांची लेकरं चर्चच्या गार फरशीवर पालथी पडून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी जीप आली. जीपचा आवाज ऐकताच आईने बाकांवर सगळ्यांना बसवलं आणि भजन सुरू केलं. वत्सलाकाकूला शब्द येत नव्हते, पण तिचा आवाज सगळ्यांच्या वर. ड्रायव्हरसाहेबांची बायको टाळी धरून बसली. हवालदार दारात घुटमळले. उपासना चालू असलेल्या देवाच्या घरात काठी घेऊन शिरायचं कसं? ते गेले. संध्याकाळी परत आले, परत भजन. तिसऱ्या दिवशी त्यातला वयस्कर होता तो वैतागून म्हणाला, "बाई, ही कसली उपासना? सकाळी बी, दुपारी बी?" आई म्हणाली, "अखंड हाय." तो हसू दाबत निघून गेला. रविवारी फोरमन आलेच नाहीत. त्या रविवारी उपासना आईनेच घेतली, कडेवर इस्राएलला घेऊन.

संप मोडला. हे असंच लिहावं लागेल, कारण तो मोडलाच. बाबा सुटून आले, पण कामावरून काढलेल्यांमध्ये त्यांचं नाव होतं, वत्सलाकाकूच्या नवऱ्याचं होतं, ड्रायव्हरसाहेबांचं होतं. गाड्या सुरू झाल्या, भोंगा वाजायला लागला, आणि बाबा तो ऐकून कूस बदलायचे. आम्ही गावात भाड्याच्या खोलीत राहिलो. बाबा आठवडी बाजारात कंदील आणि स्टो दुरुस्त करायला बसायचे, आई लोकांच्या घरी दळणकांडण करायची. फोरमनच्या मोठ्या मुलाला शेडमध्ये नोकरी लागली, बापाच्या इमानाचं बक्षीस. आणि फोरमन पुन्हा चर्चमध्ये पहिल्या बाकावर. पाळकसाहेबांनी समेट करा म्हटलं, म्हणजे आमच्यासारख्यांनी तोंड मिटा. मी आईला म्हणाले, मी त्या माणसाच्या चर्चमध्ये पाय ठेवणार नाही. आई झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, "कुणाचं चर्च? आपण गेलो ना एस्तेर, की व्हईल त्याचं. आपण हाय तवर न्हाई."

मग एका रविवारी, मुक्त प्रार्थनेची वेळ आली, ज्याला वाटेल त्याने उठून मोठ्याने प्रार्थना करायची असते, तेव्हा फोरमन उठले आणि चुकीच्या वाटेला लागलेल्या बांधवांना प्रभूने सुबुद्धी द्यावी असं म्हणाले. बाबा जमिनीकडे बघत होते. फोरमन बसतात न बसतात तोच आई उठली. "प्रभू, याकोबला त्याचं काम परत दे," ती म्हणाली, आणि थांबली. मंडळी आमेन म्हणेपर्यंत थांबली. मग वत्सलाकाकूच्या नवऱ्याचं नाव. पुन्हा थांबली. लोक चुळबुळले, हा तर मंडळीतला नाही. आई उभीच. आमेन आलं. मग ड्रायव्हरसाहेब. मग जेलात गेलेला प्रत्येक माणूस, धर्म न बघता, एकेक नाव, आणि प्रत्येक नावानंतर ती पहिल्या बाकाकडे बघत थांबायची, तिथून आमेन येईपर्यंत. देवाच्या घरात आमेन अडवून धरायची हिंमत फोरमनलाही नव्हती. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पावसाळे गेले, नाताळ गेले, आणीबाणी आली तरी आईची नावं थांबली नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं की हे बरं दिसत नाही. आई म्हणाली, "काम परत मिळालं की थांबते."

सरकार बदललं आणि काढलेल्या माणसांना परत घेतलं. बाबा पहिल्या दिवशी शेडमधून काळे होऊन आले आणि आईने काळं पाणी वाहू दिलं, किती तरी वेळ. त्या रविवारी सगळ्यांना वाटलं, आता सगुणाबाई उठणार नाही. ती उठली. एकेका माणसाचं नाव घेऊन तिने आभार मानले. मग थांबली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "आता सॅम्युएल फोरमनसाठी, प्रभू. त्याला बी काय ते दे." पहिल्या बाकावरची मान खाली गेली. सगळी मंडळी आमेन म्हणाली, बाबाही म्हणाले.

मी म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही.